बॅटरीवरची स्क्रू गन घ्यावी, वायरचीच ठेवावी की ड्रिलवर भागवावं?

तुमचा प्रश्न असा आहे: मालाड-कांदिवली पट्ट्यात तुम्ही दोघं जण मिळून जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग करता, मध्येच एखादं ऑफिसचं पार्टिशन येतं. हाताशी वायरची एक जुनी स्क्रू गन आणि १८ व्होल्टचं बॅटरीवरचं ड्रिल आहे. दुकानदार सांगतो, कॉर्डलेस स्क्रू गन घ्या, काम दुपटीने उरकेल. बरोबरचा सुतार म्हणतो, ड्रिल असताना आणखी खर्च कशाला? ऐकावं कुणाचं?

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. एक प्रश्न आहे स्क्रू गन हे वेगळं मशीन लागतं का, हा. दुसरा आहे वीज वायरने यावी की बॅटरीतून, हा. बाजारात हे दोन्ही एकत्र विकले जातात म्हणून गोंधळ होतो. स्क्रू ठरवलं तितकाच आत जाऊन थांबतो हा स्क्रू गनचा गुण आहे. वायरच्या मशीनमध्येही तो आहेच. मशीन जड वाटतं, दुपारी बंद पडतं, ही बॅटरीची भानगड आहे. आधी पहिला प्रश्न निकाली काढू, दुसरा मग सोपा होतो.

स्क्रू गनमध्ये खरी किमया पुढच्या नळीत असते. तिला कुणी नोज म्हणतं, कुणी डेप्थ कॉलर. ट्रिगर दाबला की मोटर फिरते, पण बिट, म्हणजे स्क्रूच्या खाचेत बसणारं टोक, फिरत नाही. स्क्रू बोर्डावर टेकवून दाब दिला की बिटची दांडी किंचित मागे सरकते, आतले क्लचचे दात एकमेकांत बसतात आणि बिट फिरू लागते. स्क्रू आत जाता जाता नोज बोर्डाला टेकतो. आता तुम्ही कितीही दाबा, दाब नोज घेतो. दांडी स्प्रिंगने पुढे येते, दात सुटतात आणि बिट जागच्या जागी थांबते. म्हणजे हे मशीन स्क्रू किती घट्ट झाला ते बघतच नाही, फक्त किती आत गेला ते बघतं.

जिप्सम बोर्डाला नेमकं हेच हवं असतं. साडेबारा मिलिमीटरच्या बोर्डाची ताकद वरच्या कागदात आहे. आतला जिप्सम नखाने खरवडला तरी निघतो. स्क्रूचं डोकं कागदाला किंचित आत दाबून बसलं पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. फाटला तर डोकं नुसत्या भुकटीत रुतलेलं असतं आणि तो स्क्रू बोर्डाचं वजन धरत नाही. सीलिंगला अशा ठिकाणी काही महिन्यांनी गोल फोड दिसते किंवा बोर्ड किंचित लोंबतो. उलट डोकं वर राहिलं तर पुट्टीची पात त्याला अडते आणि पेंटर शिव्या घालतो. तपासायची रीत सोपी आहे: पात आडवी धरून स्क्रूंच्या ओळीवरून फिरवा. कुठेही धातूचा कर्र आवाज यायला नको.

आता ड्रिल. त्याच्या चकमागे १, २, ३ असे आकडे असलेला क्लच असतो. तो जोर मोजतो, खोली नाही. एकाच सीलिंगमध्ये स्क्रू कुठे एकेरी पत्र्यात जातो, कुठे दोन सेक्शन (बोर्ड ज्यावर बसतो त्या सांगाड्याच्या पत्र्याच्या पट्ट्या) एकमेकांवर चढलेत तिथे दुहेरी पत्र्यात, कुठे चॅनलच्या वळणावर. जोर प्रत्येक ठिकाणी वेगळा लागतो. एकेरीला जुळवलेला आकडा दुहेरीला कमी पडतो, दुहेरीला जुळवला तर एकेरीत डोकं कागद फाडून आत जातं. कारागीर मग क्लच सोडून बोटाच्या अंदाजाने काम करतो. चांगला कारागीर शंभरातले नव्वद नीट मारतो. उरलेल्यांचा हिशोब घरमालक देतो. शिवाय साध्या ड्रिलचा वेग दुसऱ्या गिअरवर दीड ते दोन हजार आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, असतो. स्क्रू गनचा चार हजार किंवा त्याच्या पुढे: मकिताच्या डीएफएस ४५२ चा ४,०००, डिवॉल्टच्या डीसीएफ ६२० चा ४,४००, हिल्टीच्या एका मॉडेलच्या तर नावातच ५,००० आहे. वेग हवा तो घाईसाठी नाही. बारीक टोकाचा स्क्रू पत्र्यावर न घसरता चटकन घुसावा म्हणून.

इम्पॅक्ट ड्रायव्हरचं नाव हल्ली खूप घेतलं जातं. बोर्डासाठी नको. तो ठोके देत पिळतो, थांबायला क्षणभर उशीर झाला की डोकं बोर्डात, आणि आवाज असा की दुपारी दोनच्या सुमारास सोसायटीचा सेक्रेटरी दारात.

सुताराचं म्हणणं एका अटीवर मान्य. महिन्यातून एखादंच सीलिंग असेल, तर ड्रिलला कॉलरवाली ड्रायवॉल बिट लावा. पीएच २ (अधिकच्या चिन्हासारख्या फिलिप्स) टोकाभोवती धातूची वाटी असते. वाटी बोर्डाला टेकली की बिट खाचेतून सुटते. किंमत चहा-नाश्त्याइतकी. वेग कमी मिळतो, वाटी कागदावर गोल वळ उठवते, आणि खोली जुळवता येत नाही. पण एका बेडरूमसाठी स्क्रू गन घेणं म्हणजे पैसे अडकवणं. तुम्ही मात्र रोज सीलिंग करता. तुम्हाला नोजवालं मशीन लागतंच, आणि ते तुमच्याकडे आहेही. म्हणून खरा प्रश्न उरतो वायर की बॅटरी.

वायर नकोशी होते ती मशीनमुळे नाही, जागेमुळे. मुंबईतल्या रिनोव्हेशनमध्ये सीलिंगचं काम लागतं तेव्हा बहुतेकदा घराचं वायरिंग उघडं असतं. एखादा तात्पुरता पॉइंट चालू, बाकी सगळं बंद. तिथून एक्स्टेंशन, एक्स्टेंशनवर रोटरी हॅमर, त्याच बोर्डावर टाइल्सवाल्याचा कटर. वायर घोडीच्या पायात अडकते, घोडी सरकवताना कुणीतरी ती उचलून धरावी लागते. दोन माणसांच्या टीममध्ये बोर्ड धरणारा एक आणि स्क्रू मारणारा एक. वायर सांभाळायला तिसरा नसतो. लालबाग-परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत पोटमाळ्याखाली काम करताना तर वायर वळवायलाही जागा नाही. पावसाळ्यात फरशी ओली, एक्स्टेंशनचा जोड जमिनीवर. लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर वायरचं मशीन तिथे वापरूच नये असं माझं मत आहे. बॅटरीने या सगळ्या कटकटी एका फटक्यात जातात. तिचा सर्वात मोठा फायदा हाच.

दुसरा फायदा कमी लोकांना ठाऊक असतो. वायरच्या स्क्रू गनचा ट्रिगर लॉक करून मोटर सतत फिरती ठेवायची पद्धत आहे, म्हणजे दिवसभर घूं घूं. बॅटरीच्या काही चांगल्या मशीनमध्ये पुश स्टार्ट असतो: ट्रिगर लॉक, पण मोटर बंदच, बिट स्क्रूवर दाबली की मोटर सुरू होते आणि स्क्रू बसला की थांबते. आवाज बराच कमी, डोक्यावर मशीन धरलेलं असताना बोट सतत दाबावं लागत नाही, आणि बॅटरी फुकट जात नाही. नवीन मशीन घेताना हे आहे का, तेवढं जरूर विचारा. हे नसेल तर कॉर्डलेस घेण्याचं अर्धं कारण गेलं.

आता बॅटरी किती पुरते? दुकानात सांगतात ते आकडे आदर्श स्थितीतले असतात. स्वतः हिशोब करा. २५ मिलिमीटरचा स्क्रू बोर्ड आणि अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा भेदून बसायला साधारण सेकंदभर लागतो. त्या सेकंदात मोटर ३०० वॉट ओढते असं धरा, म्हणजे एका स्क्रूला ३०० ज्यूल. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ९० वॉट-अवर, म्हणजे ३ लाख २४ हजार ज्यूल. कागदावर हजारभर स्क्रू. त्यातला पाव हिस्सा उष्णता, जुनी बॅटरी आणि मध्येच उलटे फिरवलेले स्क्रू यांत गेला असं समजा, तरी साडेसातशे-आठशे उरतात. २ अँपिअर-अवरच्या बॅटरीत याच हिशोबाने तीनशेच्या आसपास.

लागतात किती? सहा बाय चार फुटांचा बोर्ड, सेक्शन ४५७ मिलिमीटरवर. बोर्डाखाली सेक्शनच्या पाच ओळी येतात. मधल्या तीन ओळींना २३० मिलिमीटरवर स्क्रू, म्हणजे प्रत्येकी सहा. दोन टोकांना १५० वर, प्रत्येकी नऊ. एका बोर्डाला ३६. दहा बाय बाराच्या खोलीला पाच बोर्ड, १८०. भिंतीकडेचा पेरिमीटर चॅनल आणि तुकडे धरून दोनशेच्या वर. म्हणजे एका खोलीला २ अँपिअर-अवरची एक बॅटरी पुरून थोडी उरते. कुणी पैसे वाचवायला सेक्शन दोन-दोन फुटांवर ओढले असतील तर स्क्रू कमी लागतील, पण तिथे बोर्ड दाबाने मागे जातो, नोज लवकर टेकतो आणि डोकी वर राहतात. दोष मशीनला देऊ नका, सांगाडा बघा.

हा हिशोब इतका लांबवला कारण इथेच लोक चुकीची खरेदी करतात. सीलिंगसाठी मोठी बॅटरी हवी असं वाटतं, म्हणून ५ किंवा ६ अँपिअर-अवर घेतात. २ अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये पाच सेल असतात, ५ अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये साधारणपणे दहा. वजनात पाव किलोच्या आसपास फरक पडतो. वायरची स्क्रू गन सव्वा ते दीड किलो, बॅटरीची मोठ्या पॅकसह पावणेदोन-दोन किलोकडे जाते. हात डोक्याच्या वर असताना पाव किलो पहिल्या तासात कळत नाही, चौथ्या तासात खांद्याला कळतं. सीलिंगला दोन लहान बॅटऱ्या, एक मशीनवर आणि एक चार्जरवर, ही जोडी सर्वात सोयीची. मोठी बॅटरी पार्टिशनला ठेवा. तिथे मशीन छातीच्या उंचीवर असतं.

तोटे आता मोकळेपणाने. पहिला चार्जिंगचा. फास्ट चार्जरवर ५ अँपिअर-अवरची बॅटरी पाऊण तास ते तासभरात भरते. सोबत फुकट मिळणाऱ्या साध्या चार्जरवर दीड-दोन तास सहज जातात. त्यात मे महिन्याची दुपार, बंद खिडक्या, छताखाली साचलेली गरम हवा. बॅटरी मशीनमधून तापलेली निघते आणि चार्जर ती थंड होईपर्यंत घेत नाही. दिवा लुकलुकत राहतो आणि हेल्पर म्हणतो चार्जर बिघडला. बिघडला नाही, थांबलाय. बॅटरी काढली की सावलीत, वाऱ्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि मग लावा. टेम्पोच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. आणि हो, चार्जर लावायला पॉइंट लागतोच. साइटवर लाइनच नसेल तर भरलेल्या बॅटऱ्या घरून न्याव्या लागतील.

दुसरा तोटा खर्चाचा, आणि तो पहिल्या दिवसाचा नाही. बेअर मशीन, म्हणजे बॅटरी-चार्जरशिवायचं नुसतं मशीन, एका किमतीला, आणि दोन बॅटऱ्या व फास्ट चार्जर मिळून बऱ्याचदा तेवढीच किंवा जास्त किंमत. रोजच्या वापरात काही वर्षांनी बॅटरी बसते. तेव्हा पुन्हा खर्च. वायरच्या मशीनचे कार्बन ब्रश झिजले तर दोन स्क्रू काढून पाच मिनिटांत नवे बसतात. ब्रशलेस मोटरला ब्रश बदलावे लागत नाहीत हे खरं, पण तिची कंट्रोल प्लेट गेली तर दुरुस्ती सोपी नाही आणि स्वस्तही नाही.

म्हणून तुमच्यासाठी सर्वात मोठी गोष्ट ही की १८ व्होल्टचं ड्रिल तुमच्याकडे आधीच आहे. ते कोणत्या कंपनीचं आहे? त्याच कंपनीची, त्याच बॅटरीवर चालणारी स्क्रू गन मिळत असेल तर बेअर मशीन घ्या. बॅटऱ्या दोन्हीकडे फिरतील. वेगळ्या कंपनीची घेतलीत तर दोन चार्जर, दोन प्रकारच्या बॅटऱ्या आणि नेमकी हवी ती रिकामी. एका कंपनीच्या १८ व्होल्ट आणि दुसरीच्या २० व्होल्ट मॅक्स यांत ताकदीचा फरक आहे असं समजू नका. दोन्हीत पाच सेल ओळीने. एक जण ३.६ व्होल्टने गुणतो, दुसरा पूर्ण भरलेल्या सेलच्या चारने. अडॅप्टर लावून एकाची बॅटरी दुसऱ्याला जोडण्याच्या फंदात पडू नका, बॅटरी वाचवणारी सर्किटं एकमेकांशी बोलत नाहीत.

तिसरा तोटा मुंबईच्या हवेचा आहे. जिप्समची धूळ मऊ असते, पण पावसाळी दमट हवेत ती नोजच्या आत आणि क्लचच्या दातांपाशी चिकटून घट्ट होते. मग दांडी मागे-पुढे सरकायला अडते. बिट कधी सुटत नाही, कधी लागतच नाही. रोज काम संपलं की नोज ओढून काढा, कोरड्या ब्रशने आतून झाडा, व्हेंटवर ब्लोअर मारा. तेल टाकू नका. तेलाने धुळीचा चिखल होतो. खाऱ्या हवेत बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट-काळा थर येतो आणि मशीन उगाच अडखळतं. कोरड्या कापडाने पुसा, पॉलिशपेपर घासू नका. पावसाळ्यात काम मंदावलं आणि बॅटऱ्या पेटीत पडून राहणार असतील तर अर्ध्या भरून, मशीनमधून काढून ठेवा. रिकामी बॅटरी दोन-तीन महिने पडली तर ती इतकी खाली जाऊ शकते की चार्जर तिला ओळखतच नाही.

आणि एक तोटा वायर असो की बॅटरी, स्क्रू गनचाच: ती एकाच कामाची. क्लच बिनआकड्याचा, वेग जास्त, जोर कमी. सागवानात तीन इंची स्क्रू ती मारणार नाही. कपाटाच्या बिजागऱ्यांना ड्रिलच बरं. स्वतःच भोक पाडणारं टोक (ड्रिल पॉइंट) असलेला स्क्रू जाड पत्र्यात मारायचा तर वेग अडीच हजारांच्या आत हवा. चार हजारावर त्याचं टोक तापून निळं पडतं आणि भोक पडतच नाही. ०.८ मिलिमीटरपर्यंतच्या पत्र्याला सुईटोकाचा स्क्रू आणि वेगवान गन. त्यापेक्षा जाडीला ड्रिल पॉइंट आणि कमी वेग. स्लॅबमध्ये अँकर घालायला आणि भिंतीला पेरिमीटर चॅनल ठोकायला रोटरी हॅमर लागणारच. म्हणजे साइटवरून वायर पूर्ण हद्दपार होत नाही. पहिला अर्धा दिवस ती असतेच. दुकानदाराच्या ‘दुपटीने काम’ मधली निम्मी हवा इथे जाते. वेळ फक्त बोर्ड चढल्यानंतरच्या कामात वाचतो.

घेतल्यावर पहिल्याच दिवशी स्क्रूची खोली जुळवा, पण नीट. बोर्डाचा तुकडा जमिनीवर ठेवून त्यात स्क्रू मारून बघितला तर काहीच कळत नाही, कारण मागे पत्रा नसला की आट्यांना पकड नसते आणि स्क्रू नुसता फिरतो. सेक्शनचा दीड फुटी तुकडा दोन ठोकळ्यांवर ठेवा, त्यावर त्याच लॉटच्या बोर्डाचा तुकडा, आणि सहा स्क्रू ओळीने. नोजची कड एकेक टप्पा फिरवत जा. डोकं कागदाच्या पातळीखाली बोटाला जेमतेम जाणवेल इतकं गेलं आणि कागदाची कड अखंड राहिली की तिथे थांबा. मग एक स्क्रू उलटा काढून खड्डा बघा: कागद आत दुमडलेला हवा, कापलेला नको. बोर्डाची कंपनी बदलली किंवा ओलावा सहन करणारा हिरवा बोर्ड आला तर पुन्हा जुळवा.

पकड बदलावी लागते. ड्रिल आपण हँडलला धरतो. स्क्रू गन वरून धरायची. हाताचा पंजा मोटरच्या मागच्या टोकावर, अंगठा एका बाजूला, तर्जनी दुसऱ्या बाजूने बिटच्या दिशेने सरळ, आणि ट्रिगर मधल्या नाहीतर अनामिका-करंगळीच्या बोटांनी. दाब बिटच्या रेषेत जातो. हँडलला धरून दाबलं की मशीन किंचित कलतं, नोजची एकच कड टेकते, क्लच लवकर सुटतो आणि स्क्रू तिरका राहतो. तिरक्या डोक्याची एक कड कागद फाडते आणि दुसरी वर राहते, म्हणजे दोन्ही दोष एकाच स्क्रूत.

बिघाडाची लक्षणं ओळखायला शिका. स्क्रू बसतो पण फिरत राहतो: पत्र्याचे आटे गेलेत, किंवा पत्रा कमी जाडीचा आहे. तो काढा आणि बाजूला साधारण ५० मिलिमीटरवर दुसरा मारा. त्याच भोकात जाड स्क्रू घालून वेळ मारून नेऊ नका. डोकी सगळीकडे थोडी वर: नोज सैल झाला आहे किंवा आत धूळ आहे. फक्त स्टडच्या (पार्टिशनच्या सांगाड्यातल्या उभ्या पत्र्याच्या) एका कडेला वर: पार्टिशनमध्ये सी आकाराच्या स्टडची उघडी कड दाबाने आत वळते आहे. बोर्ड लावायची दिशा बदला, पहिल्या बोर्डाची कड उघड्या बाजूवर आधी बसू द्या, म्हणजे पुढच्या बोर्डाला ती वळत नाही. बिट सारखी घसरते आणि खाच गोल होते: नव्वद टक्के वेळा बिट झिजलेली असते. शिंगं घासलेली पीएच २ बिट वाचवण्यात काही अर्थ नाही, दहाचं पाकीट घ्या. पीझेड २ (पोझिड्राइव्ह) दिसायला तशीच असते, पण ड्रायवॉल स्क्रूच्या खाचेत ती पूर्ण बसत नाही. पेटीत दोन्ही मिसळू देऊ नका.

स्क्रूवरही थोडं. सुटे काळे स्क्रू हजाराच्या डब्यात मिळतात. त्यांत उथळ खाचेचे आणि वाकडी टोकं असलेले निघतात, तेव्हा नवीन डबा आणला की मूठभर आधी मारून बघा. पट्टीतले स्क्रू आणि पट्टी ओढणारं अटॅचमेंट सीलिंगवर खरंच मदत करतं, कारण एक हात बोर्ड धरायला मोकळा राहतो. पण पट्ट्या महाग, हव्या त्या दुकानात मिळतीलच असं नाही, आणि एका कंपनीची पट्टी दुसरीच्या अटॅचमेंटमध्ये अडते. रोज पाचशेच्या वर मारत असाल तर विचार करा, नाहीतर सुटेच बरे. बाथरूम आणि बाल्कनीच्या सीलिंगला काळे फॉस्फेटवाले नकोत. समुद्राच्या हवेत त्यांचे गंजाचे डाग रंगातून वर येतात, तिथे झिंकवाले घ्या. कडेपासूनचं अंतर कागदी कडेला १० आणि कापलेल्या कडेला १५ मिलिमीटर धरा, त्याहून जवळ गेलात तर कड फुटते.

तर तुमच्या बाबतीत: वायरची चालू गन आहे, बॅटरीचं ड्रिल आहे, बहुतेक काम राहत्या फ्लॅटमधल्या सीलिंगचं आहे. ड्रिलच्या कंपनीची ब्रशलेस, पुश स्टार्टवाली बेअर स्क्रू गन आणि २ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या घ्या. ड्रिलच्या बॅटऱ्या आधीच तेवढ्या असतील तर नुसती गन. तुमच्या ड्रिलची कंपनी स्क्रू गन बनवतच नसेल, आणि ड्रिल जुनं झालं असेल, तर थांबा. ड्रिल बदलण्याच्या वेळीच दोन्ही एका कंपनीचं घ्या. उद्या बीकेसी किंवा लोअर परेलला ऑफिसचं मोठं पार्टिशन मिळालं, तीन माणसं दिवसभर स्क्रू मारताहेत आणि लाइन पक्की आहे, तर तिथे वायरची गन बॅटरीच्या गनपेक्षा बरी; थांबणं नाही, तापणं नाही, वजन कमी. म्हणून जुनी विकू नका. तिचे ब्रश बदलून, नोज साफ करून ठेवा. जुन्या मशीनला बाजारात मिळतात त्या पैशांत एक बॅटरीही येत नाही.

खरेदीला नागदेवी स्ट्रीटवर जाणार असाल तर बोर्डाचा हातभर तुकडा, सेक्शनचा तुकडा आणि स्वतःचे वीस स्क्रू पिशवीत न्या. काउंटरवर मारून बघा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. बॅटरी लावून मशीन डोक्यावर दोन मिनिटं धरा, समतोल लगेच कळतो. नोज काढून-लावून बघा, लावताना सैल हलत असेल तर दुसरा पीस मागा. बॅटरी वेगळी घेत असाल तर खोक्याचं सील, सिरियल नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवा. हुबेहूब दिसणाऱ्या नकली बॅटऱ्या बाजारात आहेत. वजनाला हलकी आणि किमतीत अर्धी असली की समजून घ्या. बॅटरीची वॉरंटी मशीनपेक्षा वेगळी आणि कमी मुदतीची असू शकते, ती बिलावर लिहून घ्या. आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या घरापासून कुठे आहे ते पैसे देण्याआधी विचारा.